मटार सोलणारा कप्तान

रविवार, १ ऑक्टोबर

बोट आली. माझी बोट! हे दोन शब्द लिहून पुन्हा वाचले, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर दुसऱ्याच्या बोटीवर जाळी ओढली. मालक बदलले, बोटी बदलल्या, ओढणारे हात तेवढे हेच राहिले. आता ही लहानशी, पांढरी, एका कुशीला पोचा आलेली बोट माझी आहे. धक्क्याला बांधून झाल्यावर मी तीनदा घराकडे निघालो आणि तीनदा परत जाऊन दोर तपासला.

जाळी ओढायची नाहीत आता. हौशी लोकांना समुद्रात न्यायचं, त्यांच्या हातात गळ द्यायचा आणि दुपारच्या आत परत आणायचं. लोक यासाठी पैसे देतात असं पोरीने सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. जे काम मी जन्मभर शिव्या घालत केलं ते लोक सुट्टीच्या दिवशी हौसेने करणार! असे वेडे जगात भरपूर असोत आणि सगळे आमच्याच बोटीवर येवोत.

बोटीला नाव लागतं. मला 'दर्याचा राजा' हवं होतं. पोरीने कोणाला न विचारता कागदावर 'सावकाश' लिहून टाकलं. हे काय नाव झालं? घाटातल्या वळणावरची पाटी वाटते. बायको, म्हणजे आमची ही, म्हणाली, "बरं झालं. दिवसातून दहा वेळा वाचाल तरी."

ही वहीसुद्धा पोरीनेच दिली. बोटीची नोंद ठेवायची म्हणे, वारा किती, लाटा कशा, डिझेल किती. पण ते सगळं ती मोबाईलमध्ये लिहितेच. मग मी इथे माझं लिहीन. कोण वाचतंय!

शनिवार, ७ ऑक्टोबर

पहिली फेरी! चार पाहुणे, एकाच ऑफिसातले. एकालाही गळाला आमिष लावता येत नव्हतं. मी चौघांचं लावलं. चौघांचे गळ मीच सोडले. पहिल्याची दोरी थरथरली आणि तो "काहीतरी होतंय, काहीतरी होतंय" म्हणून ओरडायला लागला. होतंय काय बाबा, मासा लागलाय! मी त्याच्या हातातून काठी घेतली, झटका दिला, रीळ फिरवलं, मासा आत. तो "अरे" म्हणेपर्यंत बादलीत. दुसऱ्याचाही तसाच. दुपारपर्यंत बादली भरली. इतके मासे नवख्यांच्या बोटीवर कोणी बघितले नसतील.

उतरताना मला वाटलं होतं माझे पाय धरतील. नुसतं "छान होतं" म्हणाले आणि गेले. शहरातली माणसं, त्यांना बोलता येत नाही.

बोट धुताना पोरीने विचारलं, "बाबा, आज त्यांनी काय केलं?"

"फोटो काढले की."

"हो," ती म्हणाली, आणि डेकवर पाणी ओतत राहिली.

ती सध्या मोठ्या सुट्टीवर आहे. दूरच्या शहरात मालवाहू जहाजांच्या कंपनीत ऑफिसात बसते, चांगली नोकरी आहे. माझा धंदा मार्गी लावून परत जाईन म्हणाली होती. बुकिंग, पाहुण्यांचे फोन, लाइफ जॅकेट, सगळं तीच बघते. सुकाणूच्या चाकावर अर्थात मी असतो.

मंगळवार, १७ ऑक्टोबर

गेल्या आठवड्यात दोन फेऱ्या झाल्या. मासे भरपूर. परत येतो म्हणणारं मात्र कोणी नाही. पोरीने पाहुण्यांचे फोटो दाखवले. पाहुणा हसतोय, पुढे मासा आहे, आणि मासा धरलेले हात माझे. दुसऱ्यात माझी पाठ. तिसऱ्यात मी काठी खेचतोय आणि कोपऱ्यात एक लहान मुलगी माझ्याकडे बघत उभी आहे. काठी तिची होती.

ही चष्मा लावून सगळे फोटो बघत बसली. मग म्हणाली, "अहो, लग्न लोकांचं आणि प्रत्येक फोटोत बोहल्यावर तुम्ही!" आणि इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

हसा. मासा निसटला असता मग? लागलेला मासा सोडून देणारा माणूस मी नाही. ज्या बोटीवर मी शिकलो तिथे मासा निसटला तर मालक जेवायला वाढायचा नाही. हातांना ते माहीत आहे. मी सांगायच्या आधी हात जातात.

रविवार, २२ ऑक्टोबर

आज अपमान झाला. साधासुधा नाही.

एक बाई एकट्याच आल्या. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. ताठ पाठ, पांढरे केस घट्ट बांधलेले, आवाज असा की इंजिन आपोआप हळू चालावं. बोटीवर पाय ठेवताच म्हणाल्या, "मला एक मासा पकडायचाय. एकच. पण स्वतः."

पोरगी त्यांना "हेडबाई" म्हणाली आणि त्या ओठांच्या कोपऱ्यात हसल्या, म्हणून मीही तेच म्हणतोय.

बराच वेळ काही लागेना. बाई काठी धरून पुतळ्यासारख्या बसल्या. मी त्यांच्या मागे उभा, हाताला नुसती खाज. आणि मग लागला. चांगला जाडजूड, काठी कमानीसारखी वाकली. बाई उठल्या, पाय रोवले, आणि... पुढचं मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच, काठी माझ्या हातात होती आणि मासा डेकवर उड्या मारत होता.

मी म्हटलं, "बघा हेडबाई, कसला देखणा!"

बाईंनी माशाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी एकदम चौथीतला झालो.

"जन्मभर मुलांना सांगत आले, शेजाऱ्याचं बघून लिहू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर माझा अख्खा पेपरच लिहून दिलात. हा मासा तुमचा. मला नको."

मासा खरंच ठेवून गेल्या. आम्ही तो खाल्ला. मला गोड लागला नाही. पोरीनेही पानात टाकला.

शनिवार, २८ ऑक्टोबर

उजव्या अंगठ्याला हे मोठं बँडेज आहे, म्हणून अक्षर असं.

ठरवलं होतं आज हात लावायचा नाही. पोरीला तसा शब्द दिला होता. पाहुणे नवराबायको होते. नवऱ्याची दोरी ताणली गेली आणि त्याने काठी नेमकी उलट्या बाजूला वळवली. मी काय करू? माणसासमोर माणूस बुडत असताना आपण हाताची घडी घालून बसतो का? मी झेपावलो, त्याने "नाही नाही, मी, मी" म्हणून काठी ओढली, आणि गळ शिरला माझ्या अंगठ्यात. मासा गेला तो गेलाच. दवाखान्यातल्या कंपाउंडरने विचारलं, "कोणी पकडलं तुम्हाला?" सगळा दवाखाना हसला.

घरी हिने हात उलटासुलटा करून बघितला. मला वाटलं आता रडेल. तर म्हणाली, "जित्याची खोड आहे ही. खोड जायची नाही, तिला दुसरं काम लावून द्यायला हवं." आणि उठून स्वयंपाकघरात गेली.

रविवार, ५ नोव्हेंबर

लिहायलाही लाज वाटते. आज मी माझ्या स्वतःच्या बोटीवर, कप्तानाची टोपी घालून, दोन किलो मटार सोलले.

हिने सकाळी पिशवी हातात दिली. "पाहुणे गळ टाकतील तेव्हा तुम्ही बसायचं आणि हे सोलायचं. हात रिकामे राहिले तर घरी येऊ नका." मी पोरीकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती, पण खांदे हलत होते.

धक्क्यावर नांगर भेटला. नांगर म्हणजे माझा जुना सोबती. पंचवीस वर्षं आम्ही एका बोटीवर जाळी ओढली. एकदा बसला की उठत नाही म्हणून नांगर. आता दिवसभर बंदराच्या तोंडाशी असलेल्या दगडी बांधावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या बोटी बघतो. पिशवी बघून म्हणाला, "काय रे, आज मटारचे मासे करणार?" मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. अंगठा दुखत होता.

पण आता खरं लिहितो. आज तीन मित्र आले होते. कोणाचा मासा लागला की मी एक शेंग फोडायचो. कोणाचा सुटला की दोन. एकाने भलत्याच वेळी रीळ सोडलं तेव्हा मी मूठभर दाणे तोंडात कोंबले, नाहीतर ओरडलो असतो. दिवसभरात तिघांनी मिळून चार बांगडे पकडले. चार! माझी तर आमिषं जास्त खर्ची पडली. आणि ते तिघे परत येताना गात होते. एकमेकांच्या पाठी थोपटत होते. उतरताना एकाने मला मिठी मारली आणि पुढच्या महिन्यातलं बुकिंग केलं.

मासे कमी, आनंद जास्त. हे गणित माझ्या डोक्याबाहेरचं आहे.

रविवार, १२ नोव्हेंबर

बुकिंग भरलंय! शनिवार-रविवार तर भरलेच, पण मधल्या वारीसुद्धा माणसं येतायत. पाहुणे आता मटारबद्दल विचारतात. फोनवर एकाने पोरीला म्हटलं, "ते भाजी निवडणारे कप्तान असतात ना, तीच बोट हवी." नाचक्की म्हणावी की नावलौकिक?

लहान मुलगा एक आज तासभर माझ्याशेजारी बसून मटार सोलत होता. मग त्याचा गळ थरथरला आणि तो शेंगा उडवत धावला. एकट्याने पकडला त्याने, बोटभर मासा. त्याची आई हसता हसता रडायला लागली आणि मग मीही. वारा डोळ्यांत गेला असं सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही.

ही म्हणते, आठवडाभर फक्त मटारचंच खातोय, आता कोबी घ्यावा का? कोबी सोलायला काय असतं!

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आनंदाच्या ताटात खडा लागलाच. कंपनीतून पोरीला फोन आला. मी अंगणात दोर गुंडाळत होतो, कान तिकडेच. परत कधी येणार ते पंधरा डिसेंबरपर्यंत कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला देतील. ती "कळवते" म्हणाली.

रात्री हिला म्हटलं, "जाऊ दे का तिला?" ही म्हणाली, "तिला विचारा की."

विचारायचं काय त्यात? ती थकलीय, दिसतंच आहे. हल्ली सकाळी चहाच्या आधीच बाहेर पडते, फिरायला जाते म्हणे, आणि परत येते ती केस विस्कटलेले, बाह्या ओल्या. काल तिच्या तळहातांना फोड आलेले बघितले. माझ्या काळजात चर्र झालं. आमच्या धंद्यापायी ऑफिसात बसणाऱ्या पोरीच्या हातांना फोड! अशी कशी राहील ती? मी असतो तर मीही गेलो असतो.

मी ठरवलंय. तिला राहावंसं वाटायचं तर तिचा भार कमी करायला हवा. उद्यापासून दोर माझे, आमिष माझं, बोट धुणं माझं. तिने फक्त पाहुण्यांशी गोड बोलावं आणि सावलीत बसावं. राणीसारखं ठेवतो की नाही बघा!

शनिवार, २५ नोव्हेंबर

ठरल्याप्रमाणे चाललंय. आज तिने दोर सोडायला हात घातला तर मी आधीच सोडला. ती बादली भरायला गेली तर बादली भरलेली. परतताना बंदराच्या तोंडापाशी आलो तेव्हा म्हणाली, "बाबा, आज मी आणू का आत?"

आमच्या बंदराचं तोंड म्हणजे दोन दगडी बांधांमधली चिंचोळी वाट. डावीकडून लाट आडवी येते आणि बोट उजव्या दगडांकडे ढकलते. भले भले तिथे घामाघूम होतात. मी म्हटलं, "तू बस गं. दमलीयस. बिस्किटं खा."

ती बसली. बिस्किटं मात्र खाल्ली नाहीत. इतकं करतोय तरी पोरगी दिवसेंदिवस गप्प होत चाललीय. नक्की जाणार ती.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

आता सगळा उलगडा झाला, आणि झाला नसता तर बरं.

पोरगी इतक्या सकाळी कुठे जाते? विचारलं तर "बंदरावर". कशाला? "हवा चांगली असते." मला काय कुक्कुलं बाळ समजते? मी थेट नांगरला गाठलं. तो बांधावरून सगळं बघतो.

"खरं सांग," मी म्हटलं, "पोरगी कोणाला भेटते का सकाळी?"

नांगरने आधी विडी शोधली. मग काडेपेटी शोधली. मग म्हणाला, "भेटते."

"कोण आहे?"

"जुना आहे. जरा बुटका. रंग उडालाय. डुलत डुलत चालतो." थांबून म्हणाला, "पण मनाने चांगला. मी ओळखतो त्याला, माझ्या घरचाच समज."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बुटका म्हातारा! आणि हा गृहस्थ विडी ओढत हसतोय! मी तिथून तरातरा निघालो. बांधाच्या आतल्या बाजूला त्याचा तो टीचभर जुना मचवा बांधलेला असतो, त्याच्या दोराला अडखळून पडता पडता वाचलो. वल्ही ओली होती. आता आळशाने म्हातारपणी वल्हवायला सुरुवात केली की काय, देव जाणे.

हिला सगळं सांगितलं. हिने पदर तोंडाला लावला आणि मोरीत गेली. रडत असणार बिचारी. बराच वेळ बाहेर आली नाही.

रविवार, ३ डिसेंबर

पोरीला काही विचारायचं धैर्य होत नाही. आज तिने भरती-ओहोटीबद्दल मला इतके प्रश्न विचारले की मी चकित झालो. आडवी लाट आली की आधी इंजिन कमी करायचं की आधी चाक फिरवायचं? मी म्हटलं, "तुला काय करायचंय? मी आहे ना." ती म्हणाली, "हो बाबा, तुम्ही आहात."

ते मायेने म्हणाली असावी. पण काहीतरी टोचलं.

गुरुवार, ७ डिसेंबर

हेडबाईंचा फोन! मटारवाल्या कप्तानाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली. रविवारी येते म्हणाल्या. "पेपर मी लिहीन ना या वेळी?" असं विचारलं. पोरगी फोन ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "चार किलो आण."

रविवार, १० डिसेंबर

कुठून सुरुवात करू? रात्र बरीच झालीय. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

हेडबाई त्याच ताठ पाठीने आल्या. माझ्या मांडीवर मटारची पिशवी बघून मान हलवली, पास केल्यासारखी. समुद्र जरा उसळता होता. बाकी पाहुणे नव्हते. बाईंनी आमिष स्वतः लावलं, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा राहिलं. मी शेंगा फोडत होतो.

मग लागला. आणि लागला तो असा की काठीचं टोक पाण्याला टेकलं. बाई गुडघ्यावर आल्या. रीळ कर्र कर्र ओरडत होतं. मासा बोटीखाली जायला बघत होता, दोरी तळाला घासली असती तर संपलंच! मला कळत होतं काय करायला हवं, शरीरातल्या प्रत्येक हाडाला कळत होतं. मी अर्धा उठलो. पोरगी माझ्याकडे बघत होती. मी बसलो. एक शेंग फोडली. दुसरी फोडली.

"बाई, टोक वर," एवढंच म्हणालो. हे चालतं की नाही? वर्गात शिक्षकही फळ्याकडे बोट दाखवतात.

बाईंनी टोक वर केलं. मासा फिरला. बाई कण्हत होत्या, केस सुटले होते, शाळेत कधी बोलल्या नसतील असं काहीतरी माशाला बोलत होत्या. कितीतरी वेळ चाललं ते. शेवटी चंदेरी पोट वर आलं, पोरीने हातजाळी पुढे केली आणि बाईंनी स्वतः तो आत घेतला. मग डेकवर पाय पसरून बसल्या, माशाला मांडीवर घेऊन, चिंब भिजलेल्या, आणि लहान मुलीसारख्या खदाखदा हसायला लागल्या. मी टोपी उडवली. ती समुद्रात गेली. जाऊ दे!

परतताना वारा वाढला. बंदराच्या तोंडाशी लाटा दगडांवर फुटताना लांबूनच दिसत होत्या. मी पिशवी बाजूला ठेवून चाकाकडे जायला उठलो, तर चाकावर पोरगी उभी. या वेळी विचारलं नव्हतं. माझ्याकडे बघतही नव्हती. पाय फाकवून, गुडघे सैल सोडून उभी होती. अशी उभी राहणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे, आणि ती व्यक्ती जन्मात फार कमी वेळा उभी राहते. नांगर. पोरीला हे उभं राहणं कोणी शिकवलं?

आणि मग डोक्यात उजेड पडला. ओली वल्ही, ओल्या बाह्या, तळहाताचे फोड, डुलत चालणारा बुटका म्हातारा. अरे देवा! नांगरचा मचवा!

माझ्या हातातून काठी खेचून घेतली असती तर मला कसं वाटलं असतं? लहानपणी घेत होतेच की मालक. मी पोरीपासून दोन पावलांवर उभा होतो. हात पुढे गेलेलेच होते. माझी पोरगी, माझी बोट, समोर दगड.

हेडबाई म्हणाल्या, "कप्तान, तुमची भाजी सांडतेय."

मी मागे सरून बसलो. पिशवी मांडीवर घेतली आणि सोलायला लागलो.

ती थेट आत शिरली नाही. मी असतो तर घुसवली असती, जोर लावून, दात खाऊन. तिने इंजिन कमी केलं आणि बांधाबाहेर बोट नुसती डोलत ठेवली. एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. मी मनात ओरडत होतो, आता, आता! तिने तिसरीही जाऊ दिली. मग पाणी क्षणभर सपाट झालं आणि तिने बोट सोडली, आणि आम्ही त्या चिंचोळ्या वाटेतून असे आत आलो की हेडबाईंच्या मांडीवरचा मासासुद्धा हलला नाही.

बांधावर नांगर उभा होता. उभा! दोन्ही हात डोक्यावर ठेवून. आम्ही आत आलो तसा मटकन खाली बसला आणि रुमालाने मान पुसायला लागला.

धक्क्याला बोट लागल्यावर पोरीने इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे वळली. चेहरा पांढराफटक, ओठ घट्ट. मी काहीतरी मोठं बोलणार होतो. तोंडातून आलं ते असं, "मी तिसरी लाट सोडली नसती."

"माहितेय मला," ती म्हणाली.

"मी चुकलो असतो."

त्यावर ती हसली. आणि मग माझ्या गळ्यातच पडली, लाइफ जॅकेटसकट. मीही पोरीला धरून हुंदके दिले, वाऱ्याचं नाव घेतलं नाही. हेडबाई आणि त्यांचा मासा बघत होते, बघू देत.

घरी आलो. ही दारातच होती. बातमी आमच्याआधी पोचली होती, नांगरने फोन केला असणार, बसल्या बसल्या. हिला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मोरीत जाऊन रडत नव्हती, हसत होती! घरात मी एकटाच आंधळा.

हिने मटारची पिशवी घेतली, आत बघितलं, परत बघितलं. मग ती परातीत उपडी केली. नुसती सालं. चार किलो शेंगांची सालं मी नीट जपून घरी आणली होती आणि दाणे एकेक करून समुद्रात टाकले होते.

"वा कप्तान," ही म्हणाली. "आज सालांची भाजी!"

शेवटी पोळी आणि चटणी खाल्ली. जेवता जेवता पोरीने मोबाईल काढला, काहीतरी लिहिलं आणि पालथा ठेवला.

"काय गं?" मी विचारलं.

"कंपनीला कळवलं. येत नाही म्हणून." तिने पोळीचा तुकडा मोडला. "आणि पुढच्या महिन्यात बोट चालवायची परीक्षा देतेय. फॉर्म कधीच भरलाय. बाबा, उद्या हेडबाईंच्या दोन मैत्रिणी येतायत. उद्या तुम्ही लसूण घ्या, मटार फार लवकर संपतात."

उद्या सकाळी बोट ती तयार करणार आहे. दोर ती सोडणार, आमिष ती काढणार, बंदराबाहेर ती नेणार. मी उठायचं नाही असं मला सांगण्यात आलंय. झोप लागणार नाही, पण पडून राहीन.

हिने लसणाची पिशवी माझ्या उशाशी आणून ठेवलीय. चार पाकळ्या मी आत्ताच सोलल्या.